त्रेसष्ट खणांचा हिशेब

सेकंड इयरला सर्व्हेइंगच्या पेपरात माझ्या कॅल्क्युलेटरने साइन ३० म्हणजे उणे ०.९८८ असं सांगितलं आणि मी ते मुकाट पुढच्या पायरीत लिहिलं. साइन ३० म्हणजे अर्धा, हे दहावीचं पोरगंही झोपेत सांगेल. आदल्या रात्री रूममेटने यंत्र रेडियनवर टाकून तसंच ठेवलं होतं. स्क्रीनवरच्या इवल्याशा ‘डी’चा ‘आर’ झालेला मी पाहिलाच नाही. ट्रॅव्हर्सचा अख्खा प्रश्न गेला. (हो, मी सिव्हिल करून आयटीत आलो. यात आता कोणाला नवल वाटत नाही.)

प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर आम्हाला परीक्षेला चालत नसत, त्यामुळे त्यांच्याबद्दल एक चोरटं कुतूहल होतं. ते जुन्या मॅन्युअलांपर्यंत घेऊन गेलं ते मात्र नोकरीतल्या एका रात्रीने. आमची एक सर्व्हिस मेमरी खात खात दोन वाजता कोसळली. मी सर्व्हरची मेमरी ८ जीबीवरून १६ केली आणि झोपलो. मेमरी नक्की कोण खातंय, हे शोधलंच नाही.

खिशात मावणारा पहिला प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर म्हणजे एचपी-६५. साल १९७४, किंमत ७९५ डॉलर, प्रोग्रॅमसाठी जागा फक्त १०० पायऱ्यांची. बंद केला की सगळं पुसलं जायचं, म्हणून प्रोग्रॅम चुंबकीय पट्टीच्या छोट्या कार्डावर उतरवून ठेवायचा. १९७६ च्या एचपी-२५सीने हे दुखणं मिटवलं. त्यातली मेमरी इतकी कमी वीज घ्यायची की यंत्र बंद असतानाही बॅटरीवर जिवंत राहायची. पायऱ्या मात्र ४९.

मग १९७९ मध्ये एचपी-४१सी आला, २९५ डॉलरला, आणि त्याच्यावर माझा जीव जडला. त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटत. प्रोग्रॅम चालू असताना एक चिमुकला पक्षी डावीकडून उजवीकडे सरकत राही. १९८१ च्या एप्रिलमध्ये स्पेस शटल पहिल्यांदा उडालं तेव्हा हा कॅल्क्युलेटर सोबत होता. जमिनीवरच्या कोणत्या स्टेशनशी कधी संपर्क होईल, असली गणितं त्यावर होत.

एवढ्या यंत्राची मेमरी किती? ६३ रजिस्टर. एकेक रजिस्टर ७ बाइटचं, म्हणजे एकूण ४४१ बाइट. तुमचा एक इमोजीसुद्धा बहुतेकदा ४ बाइट घेतो. एका रजिस्टरात एक संख्या ठेवा, नाहीतर प्रोग्रॅमचे सात बाइट. कुठे काय, हे यंत्र ठरवत नाही, तुम्ही ठरवता. नव्या यंत्रात १७ रजिस्टर संख्यांना आणि ४६ प्रोग्रॅमला अशी वाटणी असे. ‘साइझ’ ही आज्ञा देऊन मधली भिंत हलवायची. संख्यांची जागा कमी केली तर शेवटच्या खणांतलं सामान गुपचूप नाहीसं. वाढवायला गेलात आणि पलीकडे प्रोग्रॅम भरलेला असेल, तर पडद्यावर ‘पॅकिंग’ येई. खोडलेल्या ओळींच्या जागी उरलेले रिकामे बाइट गोळा करून झाले की ‘ट्राय अगेन’. एखादी आज्ञा सोयीच्या बटणावर बसवली तर तीही फुकट नाही: दोन बटणांमागे एक रजिस्टर. आणि बॅकस्पेसचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं, की दोनच शब्द: ‘मेमरी लॉस्ट’.

बंद केल्यावर काहीच न विसरण्याची दुसरी बाजूही होती. काल रेडियनवर ठेवलेला ४१सी आज सकाळीही रेडियनवरच उठणार. पडद्यावर ‘रॅड’ दिसे. अंश असतील तर काहीच नाही. म्हणजे माझ्या रूममेटला तिथेही वाव होता.

लोकांनी या ४४१ बाइटांवर काय काय केलं! विल्यम विक्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये ‘सिंथेटिक प्रोग्रॅमिंग’वर पुस्तकच काढलं. कीबोर्डवरून टाकताच येत नाहीत अशा आज्ञा बाइटांची मोडतोड करून घडवायच्या आणि अक्षरं ठेवायच्या जागेत आकडे दडवायचे. गंमत म्हणजे पुढे तो एचपीतच गेला.

गेल्या महिन्यात मोबाईलवर ४१सीचा इम्युलेटर घेतला आणि तो बुडालेला ट्रॅव्हर्स लिहायला बसलो. लांबी आणि दिशा दिली की प्रत्येक स्टेशनचे दोन सहनिर्देशांक साठवायचे. पहिलीच ओळ घातली: ‘डेग’. यंत्र कोणी कशावरही ठेवलेलं असो, प्रोग्रॅम सुरू होताना ते अंशांवर येणार. तीन संध्याकाळी काटछाट करून प्रोग्रॅम १८ रजिस्टरांत बसवला. दोन बटणांसाठी १, बेरजांसाठी ४, उरले ४०. म्हणजे २० स्टेशनं. एकविसावं बसवून पाहावं म्हणून साइझ ४४ वरून ४६ केली.

‘पॅकिंग’. मग ‘ट्राय अगेन’.

आता प्रोग्रॅममधल्या कोणत्या ओळी उडवता येतील ते शोधतोय.