करणारा आणि करविणारा : दात्याच्या प्रतिमेविषयी

पंधराव्या शतकातील नेदरलँडिश धार्मिक फलकचित्रांत देवतेच्या सान्निध्यात गुडघे टेकून, हात जोडून बसलेली एक लौकिक व्यक्ती वारंवार आढळते. ती असते चित्राचा खर्च सोसणारी, म्हणजे दाता. यान व्हान आयकने १४३६ मध्ये पूर्ण केलेल्या चित्रात ब्रूज येथील धर्माधिकारी योरिस व्हान डर पाल असाच मेरीसमोर बसला आहे. त्याच्या हातात प्रार्थनापुस्तक व चष्मा आहे, आणि वार्धक्याची एकही सुरकुती चित्रकाराने झाकलेली नाही. पूर्वीच्या ख्रिस्ती चित्रांत दाता पुष्कळदा देवतेहून लहान रंगविला जाई. येथे तो तिच्याच मापाचा झाला. कलेतिहासाने या बदलात व्यक्तिचित्राचा उदय पाहिला, हे योग्यच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्या चित्राच्या चौकटीवरील लॅटिन लेख अधिक बोलका वाटेल. त्याची वाक्यरचना प्रयोजक आहे : व्हान डर पालने हे काम चित्रकार व्हान आयककडून करविले. करविणारा आणि करणारा, दोघेही एकाच वाक्यात नांदतात.

मराठीच्या प्रारंभीच्या लेखनाशी या प्रयोजक क्रियापदाचे नाते विलक्षण निकटचे आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेल्या मराठी ओळींत चावुंडराजाने मूर्ती व गंगराजाने भोवतालचा प्राकार ‘करविल्याचे’ सांगितले आहे. या ओळी इसवी सन ९८३ च्या सुमाराच्या, की दोन्ही गंगराजाच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात कोरलेल्या, याविषयी मतभेद आहेत. परंतु त्यांचे स्थान निःसंदिग्ध आहे. नेदरलँडिश दाता जेथे गुडघे टेकतो, तेथे, देवाच्या चरणांशी, येथे दात्याचे नाव आहे. देहाची जागा नामाने घेतली आहे. मूर्ती घडविणाऱ्यांना मात्र या ओळींत स्थान नाही.

महाराष्ट्रात दात्याच्या वा राजकुलाच्या प्रतिमा घडविल्याच गेल्या नाहीत, असे यावरून समजू नये. नाणेघाटातील सातवाहन लेण्यात सिमुक, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीवर नाव कोरलेले होते. प्रतिमा नष्ट झाल्या. नामलेख वाचता आले. प्रतिमेपेक्षा नाम दीर्घायुषी ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

यादवकाळात बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई येथे हे नाम आणखी एक पायरी चढते. दुसऱ्या सिंघणाचा (सुमारे १२१० ते १२४६) सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे संस्कृत लेख येथे आहेत, आणि गावात खोलेश्वराचे मंदिरही आहे. सेनापतीचे नाव आणि देवाचे नाव यांत अक्षराचाही फरक राहिलेला नाही. व्हान डर पाल देवतेच्या शेजारी बसतो. खोलेश्वर देवतेच्या नावातच सामावतो. ही प्रथा जुनी व व्यापक होती. तंजावरचा राजराजेश्वर प्रसिद्धच आहे. पट्टदकल येथे आठव्या शतकात चालुक्य राणी लोकमहादेवीने पती विक्रमादित्य दुसरा याच्या कांचीविजयाच्या स्मरणार्थ बांधलेले मंदिर तिच्या नावाने लोकेश्वर म्हणविले गेले. आज ते विरूपाक्ष म्हणून ओळखले जाते. म्हणजे स्त्रीदात्रीचे नाव देवाला देण्यास परंपरेची आडकाठी नव्हती.

या पार्श्वभूमीवर शके ११६२ (इसवी सन १२४०) चा आंबेजोगाईचा लेख वाचावा लागतो. खोलेश्वराचा पुत्र राम गुर्जरसैन्याशी नर्मदाकाठी लढताना पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ मंदिर करविले. त्यातील देव रामनारायण. पित्याने देवाला स्वतःचे नाव दिले, कन्येने भावाचे. दान तिचे, प्रतिमा मात्र त्याची. लोकमहादेवीचे उदाहरण ध्यानी घेता या निवडीला रूढीची सक्ती म्हणून बाजूला सारता येत नाही. शोक हाच येथे दानाचा हेतू आहे, आणि तो व्यक्त होतो तो दात्री स्वतःला देवनामातून वगळते त्या कृतीत. वगळणे संपूर्ण नाही, कारण प्रशस्तीच्या संहितेत लक्ष्मी ‘करविणारी’ म्हणून उरतेच. मंदिराचे केवळ नाव ऐकणाऱ्याला ती भेटत नाही. शिलालेख वाचणाऱ्याला भेटते.

साहित्येतिहासासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. ज्या आंबेजोगाईशी मुकुंदराजाचे नाव परंपरेने जोडले जाते, ते स्थान आंभोऱ्याच्या दाव्यामुळे वादग्रस्त आहे. शके १११० हा ‘विवेकसिंधू’चा रचनाकाळही वादातीत नाही. पण ग्रंथ जैतपाळाने करविल्याचा निर्देश त्या ग्रंथातच आहे. हा जैतपाळ कोण, यावर संशोधकांनी पुष्कळ श्रम घेतले, कारण त्यावरून काळ ठरवायचा होता. दाता हा कालनिर्णयाचे साधन एवढाच त्याचा उपयोग राहिला. वास्तविक करविणाऱ्याचा निर्देश हा संहितेचा अंगभूत घटक आहे : नेदरलँडिश फलकातून व्हान डर पाल पुसून टाकला, तर मेरीची नजर कोणाकडे आहे हेच कळेनासे होईल. आरंभीच्या मराठी संहितांतून ‘करविले’ हे क्रियापद वगळून वाचले, तर असेच काहीसे घडते. ग्रंथ कोणी रचला याबरोबर तो कोणी, कोणासाठी व कोणाच्या नावे करविला, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, तरच लक्ष्मीसारखी दात्री इतिहासाच्या दृष्टीस पडेल.