क्रोशाचा हत्ती कोणी विणला?

गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या आपल्या बारशांना आणि डोहाळजेवणांना एक नवी भेट दिसू लागली आहे. पूर्वी चांदीची वाटी, वाळे किंवा दुकानातून आणलेले झबले येत असे. आता त्यांच्या शेजारी क्रोशाने विणलेला, आत कापूस भरलेला, तळहाताएवढा हत्ती किंवा ससा असतो. तो विणणारी मुलगी बहुधा इथेच जन्मलेली असते आणि त्याला ‘अमिगुरुमी’ म्हणते. बाळाच्या आजीला हा शब्द ठाऊक नसतो, पण टाके पाहताच ती म्हणते, “अगं, हे तर आपले मुके खांब!” दोघींचेही बरोबर आहे. अमिगुरुमी हा जपानी शब्द ‘अमी’, म्हणजे विणलेले, आणि ‘नुइगुरुमी’, म्हणजे भरलेले बाहुले, यांच्या जोडातून झाला आहे. टाका मात्र आजीच्या ओळखीचा आहे.

मी आयुष्यभर आर्थिक इतिहास शिकवला. त्यामुळे असे खेळणे हातात आले की मला पहिला प्रश्न पडतो तो वेळेचा. हे विणायला किती तास लागले, आणि त्या तासांचा हिशेब कोणी ठेवला? क्रोशाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

आरी ते आकडा

कच्छ आणि सौराष्ट्रातले मोची चामड्यावर काम करताना आरी वापरत. तिच्या टोकाशी बारीक खाच असते. कापड ताणून धरायचे, धागा खालच्या बाजूला ठेवायचा, आरी वरून आत घालून धाग्याचा फास वर ओढायचा आणि त्या फासातून पुढचा फास काढायचा. या साखळीटाक्याने तिथल्या कारागिरांनी राजदरबारांसाठी अप्रतिम भरतकाम केले. अठराव्या शतकात या पद्धतीचे भरतकाम युरोपात ‘टँबूर’ या नावाने लोकप्रिय झाले. टँबूर म्हणजे ढोल. कापड ढोलाच्या कातड्यासारखे गोल चौकटीवर ताणत, म्हणून हे नाव. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पोंपादूर यांचे १७६३-६४ मधले एक मोठे चित्र आहे. त्यात त्या अशाच चौकटीपुढे हातात आकडा घेऊन बसल्या आहेत.

पुढे कोणीतरी कापडच काढून टाकले आणि साखळी नुसत्या धाग्यावर, हवेत विणायला सुरुवात केली. क्रोशाचा जन्म असा झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा. क्रोशाचे सुरुवातीचे छापील नमुने १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात आले. ते पैशांच्या बटव्यांचे होते.

मराठीने क्रोशा हा शब्द बाहेरून घेतला, पण टाक्यांना घरची नावे दिली: साखळी, खांब, मुका खांब, जाळी. ही नावे सोयीचीही आहेत. अमेरिकन नमुन्यात ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. त्यामुळे लेस्टरच्या मावशीने पाठवलेला ससा न्यू जर्सीच्या भाचीने जसाच्या तसा विणला, तर तो लांबट आणि भोकाभोकांचा होतो. मुका खांब मात्र दोन्हीकडे मुका खांबच राहतो.

उपासमारीतला धंदा

क्रोशा हा सुखवस्तू घरांतला विरंगुळा होता. तो पोट भरण्याचे साधन झाला आयर्लंडमध्ये. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली. जवळपास तेवढीच देश सोडून गेली. कॉर्कमधल्या जोगिणींच्या मठांनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी १८४७ मध्ये तिथल्या धर्मगुरूची पत्नी कॅसांड्रा हँड हिने हेच काम सुरू केले. सुईने केलेल्या व्हेनिसच्या लेसला महिनेच्या महिने लागत. आकड्याने तिची नक्कल कितीतरी लवकर होई. एक बाई गुलाब विणी, दुसरी पाने विणी, तिसरी ते सगळे जाळीने जोडी. माल लंडन-पॅरिसच्या बाजारात जाई आणि त्या पैशावर घरची चूल पेटे. काहींनी त्याच पैशातून अमेरिकेच्या बोटीचे भाडे भरले.

इथे तंत्रातली एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्येच तयार केले होते. जाळीदार कापडाचे यंत्र जॉन हीथकोट याने १८०८-०९ च्या सुमारास केले. क्रोशाचे कारखान्यात चालणारे यंत्र मात्र आजही नाही. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीतले सगळे फास सुईवर रांगेत उभे असतात, त्यामुळे यंत्राला ते एकामागून एक उचलता येतात. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. पुढचा टाका घालायला आकडा आधीच्या ओळीत नेमका कुठे आणि कोणत्या कोनात घुसवायचा, ते बोटे चाचपून ठरवतात. ‘क्रोशे मशीन’ म्हणून जी यंत्रे विकली जातात, ती दिसायला तसे, पण वेगळ्याच पद्धतीने विणलेले कापड काढतात. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत, पण ते अजून बाजारापर्यंत पोहोचलेले नाहीत.

याचा अर्थ असा, की जगात कुठेही, कितीही स्वस्त विकला जाणारा क्रोशाचा हत्ती कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो.

नरसापूरच्या ‘घरी बसलेल्या’ बाया

हिंदुस्थानात क्रोशाची लेस पसरली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी कुटुंबांमार्फत. त्याचे सर्वांत मोठे केंद्र झाले आंध्रच्या पश्चिम गोदावरी भागातले नरसापूर. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहून अभ्यास केला. ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. त्यांना दिसले ते असे. बाया दिवसाचे सहा-सात तास विणत होत्या आणि माल परदेशी जात होता. एक फुले करी, दुसरी जोडी, आणि पुरा नग बहुतेकींच्या हाती कधी येतच नसे. मजुरी शेतमजूर बाईपेक्षाही कमी होती. तरीही त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. त्या ‘घरी बसलेल्या’ बाया होत्या आणि लेस हे त्यांचे ‘फावल्या वेळचे’ काम होते. शेतात न जाता घरात राहण्याने प्रतिष्ठा मिळते, म्हणून त्या बायांनाही हे शब्द मान्य होते. व्यापाऱ्यांना तर ते सोयीचेच होते, कारण फावल्या वेळेला मजुरी कोण मागणार? २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला त्यामुळे संरक्षण मिळाले. विणणारीचा दर मात्र अशा मानांकनाने आपोआप वाढत नाही.

मराठी घरातला क्रोशा

आपल्याकडे सुईकाम आणि मुलींचे शिक्षण यांचे नाते जुने आहे, आणि त्याचा एक धागा अमेरिकेशी जोडलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली ती १८२४ मध्ये. १८२७ च्या अखेरीस न्यू इंग्लंडमधून आलेल्या सिंथिया फॅरार यांनी आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला, १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असे. मुलींना शिकवून काय करायचे, असे विचारणाऱ्या पालकांना ते समजण्यासारखे उत्तर होते. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, १९०९ नंतर, शिवण आणि भरतकाम हे एकट्या पडलेल्या स्त्रीच्या पोटापाण्याचे साधन म्हणून शिकवले गेले.

मध्यमवर्गीय घरांत मात्र क्रोशा आला तो हौस म्हणून. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, रेडिओवरचे झाकण, परकराची लेस, बाळाचे टोपडे आणि पायमोजे. यांतले बहुतेक काम सपाट असे. विणून आत कापूस भरायचा, ही कल्पना आपल्याकडे रुळलेली नव्हती. आपली खेळणी वेगळी होती: लाकडाची ठकी, सावंतवाडीची रंगीत फळे, चिंध्यांची बाहुली, पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. बाळंतविड्यात झबली, दुपटी, कुंची आणि गोधडी असे, खेळणे क्वचितच. बारशाला तर कित्येक घरांत वरवंट्यालाच टोपडे घालून, बाळासारखे नटवून पाळण्याभोवती फिरवत. आपल्या पाळण्यातले पहिले बाहुले दगडाचे होते म्हणा ना!

कापूस भरलेला हत्ती

मऊ खेळण्याचा इतिहास हत्तीपासूनच सुरू करता येतो. जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी स्त्री होती. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले होते आणि उजवा हातही अधू झाला होता. १८८० मध्ये तिने फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला तो टाचण्या खोचायला. मुलांनी तो खेळायला घेतला आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावरचे व्यंगचित्र गाजले आणि ‘टेडी’ जन्मला.

घरी विणलेल्या खेळण्यांना बळ मिळाले ते टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर रेशन होते. जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीची अस्वले आणि बाहुल्या विणल्या गेल्या. जपानमध्ये १९७० नंतर गोंडस वस्तूंची लाट आली. तिने क्रोशाच्या खेळण्याला आजचे रूप दिले: मोठे डोके, छोटे अंग, गोल गोल ओळी. कृती साधी आहे. एका फासात सहा मुके खांब घालायचे आणि प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवत गेले, की सपाट चकती होते. वाढवणे थांबवले की तिची वाटी होते. मग तसेच कमी करत आणले की चेंडू होतो, आणि चेंडूंतूनच हत्ती.

या भेटीचा सर्वांत हृद्य अध्याय डेन्मार्कचा आहे. २०१३ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. त्याचे पीळदार पाय बाळाला नाळेसारखे वाटतात आणि नळ्या ओढण्याऐवजी बाळ ते धरून ठेवते, अशी त्यामागची कल्पना होती. नियम कडक होते: शुद्ध सुती धागा, ६० अंश तापमानाला धुता येईल असा, आणि पायांची लांबी मोजून मापून. ही प्रथा ब्रिटनसह अनेक देशांत गेली. बाळाच्या प्रकृतीला त्याने फायदा होतो, असा ठोस पुरावा नाही, आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने काही रुग्णालये ते स्वीकारत नाहीत. पण काचेच्या पेटीबाहेर बसलेल्या आईबापांना कोणा अनोळखी बाईने आपल्या बाळासाठी चार संध्याकाळ दिल्या, एवढे तरी नक्की कळते.

हिशेब

मुठीएवढा हत्ती सराईत हातालाही पाच-सहा तास घेतो. आजी तो विणते तेव्हा तिच्या तासांची किंमत प्रेमात जमा होते आणि ती ते खुशीने देते. पण तसाच हत्ती दुकानात काही डॉलरला मिळतो, तेव्हा धागा, कापूस, जहाजाचे भाडे आणि दुकानदाराचा नफा वजा करून विणणारीला तासाला काय उरले असेल, याचे गणित आपल्या शाळकरी नातवंडांनाही करता येईल. बाळंतपणासाठी आलेली आई सहा महिने इथे राहून विणते, रांधते, बाळाला न्हाऊ घालते, आणि आपणही सहज म्हणून जातो, “तेवढाच तिचा वेळ जातो.” नरसापूरच्या व्यापाऱ्याचा शब्दही हाच होता.

म्हणून यंदा कोणी असा हत्ती विणणार असेल, तर काही गोष्टी सुचवतो. डोळे प्लास्टिकचे लावू नका, धाग्याने भरा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात घशात अडकतील असे सुटे भाग नसावेत, हा अमेरिकेतला नियम १९८० पासूनचा आहे. टाके घट्ट घाला, म्हणजे कापूस बाहेर येणार नाही. पहिले वर्षभर बाळ झोपते तिथे मऊ खेळणी ठेवू नयेत, असे इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा हत्ती पाळण्याबाहेर फळीवर बसू दे. विकत घेणार असाल, तर तो कोणी विणला आणि तिला काय मिळाले, हे विकणाऱ्याला विचारा. आणि घरी विणला असेल, तर त्याच्या पोटाखाली एक कापडी पट्टी शिवा. तिच्यावर विणणारीचे नाव, गाव, वर्ष आणि लागलेले तास लिहा. क्लोन्सच्या आणि नरसापूरच्या लेसवर विणणारीचे नाव कधी आले नाही. आपल्या घरच्या हत्तीवर तरी ते असावे.