सोलापूरचें ऊन आणि गिरण्यांचीं छपरें

सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांस नवा नाहीं. समुद्रापासून दूर, उघड्या पठारावर वसलेल्या या शहरांत चैत्र-वैशाखांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. जुन्या घरांनीं या उन्हाशीं जणूं करारच केला होता: जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर मातीचें माळवद. दिवसाची उष्णता त्या मातींत अडे. रात्रीं माणसें माळवदावर निजत.

1860 सालीं आगगाडी आली. 1874 सालीं स्थापन झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी 1877 मध्यें चालूं लागली. कापूस जवळ, आगगाडी दाराशीं. हवेचा विचार मात्र झाला तो सुताच्या बाजूनें. कोरड्या हवेंत सूत तुटतें. मुंबईची दमट हवा पठारावर कोठून मिळणार? म्हणून अशा प्रदेशांतील गिरण्यांत हवा मुद्दाम ओली करावी लागे. त्यानें सूत टिके. पण ओल्या हवेंत घाम वाळत नाहीं आणि अंगाची उष्णता अंगांतच कोंडते. धाग्यास जें हितकर, तेंच मजुरास मारक!

छपराची कथा याहून चमत्कारिक आहे. करवतीच्या दात्यांसारख्या छपराचा नमुना लँकेशायरहून हिंदुस्थानांतील गिरण्यांत आला. त्याच्या कांचा उत्तरेकडे असतात, कारण इंग्लंडांत माध्यान्हींचा सूर्य नेहमीं दक्षिणेस असतो. सोलापूर पडलें सुमारें साडेसतरा अक्षांशावर. तेथें मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. ऐन उन्हाळ्यांत ज्या कांचेनें ऊन अडवावयाचें, तीच तें आंत घेते. नकाशा आणला, अक्षांश विचारावयाचा राहिला.

कृत्रिम आर्द्रतेवर 1934 च्या फॅक्टरी कायद्यानें नियंत्रण आणलें. 1948 च्या कायद्यानें तर छपरास चुना देणें, पाणी शिंपणें, छप्पर उंच करणें हे उपायच नमूद केले. माळवदाखालीं राहणाऱ्यास त्यांत नवल वाटलें नसतें.

पुढें मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग पूर्व भागांतील घरांत व पत्र्याच्या शेडींत धडधडूं लागले. पत्रा लवकर तापतो. आंत मोटारींची उष्णता वेगळीच. 1901 पासून 2018 पर्यंत भारताचें सरासरी तपमान सुमारें 0.7 अंशांनीं वाढलें. 1948 च्या कायद्यानें मात्र विजेवर चालणाऱ्या जागेंत दहा कामगार असले तरच तिला कारखाना मानलें. घरांतल्या चार मागांवरचा पत्रा त्याच्या दृष्टीबाहेरच राहिला.