हृदयस्नायूचा ताठरपणा, प्रारंभिक
हृदयाचा डावा निलय आकुंचनानंतर पुरेशा वेगाने सैल न पडण्याची अवस्था. इको तपासणीच्या अहवालात ती ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिस्फंक्शन’ अशी लिहिलेली असते आणि ते शब्द वाचून माणूस उगाच हादरतो. साठीनंतर ही नोंद सर्रास आढळते. स्नायूचे सैल पडणे आपोआप घडते असे वाटते, पण त्यालाही ऊर्जा लागते : आकुंचनावेळी मोकळे झालेले कॅल्शियम पेशीतील साठ्यात परत ओढून घ्यावे लागते. हे काम मंदावले की निलय सुरुवातीला कमी भरतो आणि उरलेले रक्त अलिंदाला शेवटी जोर लावून ढकलावे लागते. म्हणूनच डॉप्लर आलेखात पहिली ‘ई’ लहर दुसऱ्या ‘ए’ लहरीहून ठेंगणी दिसते. त्यांचे गुणोत्तर साधारणतः ०.८ किंवा त्याहून कमी भरते. रक्त बाहेर फेकण्याची क्षमता बहुधा शाबूत असते. वय, जुना उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता ही मुख्य कारणे. या टप्प्यासाठी वेगळे औषध नाही. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, नियमित चालणे, वजन उतरवणे आणि मीठ कमी करणे (यात पापड-लोणची हमखास विसरली जातात) हाच उपचार. जिना चढताना नव्याने धाप लागू लागली किंवा पावले सुजली, तर फेरतपासणी लांबवू नये.