मिडी फूट कंट्रोलर म्हणजे काय? गिटार इफेक्ट सॉफ्टवेअरला तो कसा जोडायचा?

गाणं वाजवताना गिटारिस्टचे दोन्ही हात अडकलेले असतात. सोलोच्या आधी डिस्टॉर्शन चालू करायचं, तर माऊस कोण धरणार? म्हणून हे काम पायाला द्यायचं. त्यासाठी असतो मिडी फूट कंट्रोलर. पण नुसती केबल लावली की तो चालतो असं नाही. सॉफ्टवेअरशी त्याची ओळख करून द्यावी लागते.

आधी हे समजून घ्या

मिडी हे १९८३ पासूनचं स्टँडर्ड आहे. त्यातून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. गिटारचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधूनच येतो, त्यामुळे इंटरफेस वेगळा लागतोच. आपल्या कामाच्या सूचना दोन:

- प्रोग्रॅम चेंज (पीसी): पूर्ण प्रीसेट बदलतो. उदा. क्लीनवरून थेट लीड.
- कंट्रोल चेंज (सीसी): एकच गोष्ट बदलतो. उदा. फक्त डिले चालू-बंद किंवा वाह पेडल. याची व्हॅल्यू ० ते १२७ असते.

कसं जोडायचं?

- लॅपटॉप: यूएसबी केबल लावा. केबल डेटाची हवी, फक्त चार्जिंगची चालणार नाही.
- अँड्रॉइड: ओटीजी अडॅप्टर लागेल. मिडीचा सपोर्ट अँड्रॉइड ६ पासून आहे.
- आयफोन: आयफोन १५ पासून यूएसबी-सी पोर्ट आहे. त्याआधीच्या लाइटनिंग मॉडेलना यूएसबी कॅमेरा अडॅप्टर लागतो.
- ब्लूटूथ मिडी: याचं पेअरिंग बहुधा फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नाही, तर ॲपच्या आतून करावं लागतं.

सेटअपच्या स्टेप्स

१. कंट्रोलर आधी जोडा, मग सॉफ्टवेअर उघडा.
२. ऑडिओ/मिडी सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुटमध्ये कंट्रोलरवर टिक करा.
३. दोन्हीकडे एकच चॅनल ठेवा. मिडीत १६ चॅनल असतात. गोंधळ नको असेल तर १ ठेवा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑम्नी’ निवडा, म्हणजे ते सगळे चॅनल ऐकतं.
४. प्रत्येक स्विचला वेगळा सीसी नंबर द्या. २० ते ३१ हे नंबर स्टँडर्डमध्ये मोकळे ठेवलेले आहेत, ते वापरा. ७ (व्हॉल्यूम) आणि ११ (एक्स्प्रेशन) स्विचला देऊ नका.
५. आता ‘मिडी लर्न’. न्यूरल डीएसपीच्या प्लगइनमध्ये हव्या त्या बटणावर राइट क्लिक करून मिडी लर्न चालू करा आणि पायाने स्विच दाबा. झाली जोडणी! इतर सॉफ्टवेअरमध्येही पद्धत साधारण अशीच असते.
६. मॅपिंग सेव्ह करा. ही स्टेप विसरलात तर पुढच्या वेळी सगळं पुन्हा करावं लागू शकतं.

नेहमी अडतं ते इथे

- पाय ठेवला तेवढा वेळच इफेक्ट चालतो: स्विच ‘मोमेंटरी’ आहे. दाबल्यावर १२७ आणि सोडल्यावर ० जातो. कंट्रोलरमध्ये तो ‘टॉगल’ करा.
- इफेक्टसाठी दोनदा दाबावं लागतं: कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोन्ही टॉगल करत आहेत. एकाच बाजूला टॉगल ठेवा.
- एक प्रीसेट पुढचा-मागचा लागतो: काही ठिकाणी मोजणी ० पासून, काही ठिकाणी १ पासून होते. नंबर एकने बदलून बघा.
- एक्स्प्रेशन पेडल पूर्ण खाली जात नाही: कंट्रोलरमध्ये कॅलिब्रेशन करा.

स्टेजवर जाण्याआधी

फोन किंवा टॅब वापरत असाल तर फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन सोलोत कॉल येईल. ब्लूटूथ मिडी वापरत असाल, तर त्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करा. हेडफोन मात्र वायरचेच घ्या, कारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो.

सुरुवातीला सगळे स्विच भरू नका. क्लीन, लीड आणि डिले, एवढे तीनच लावा आणि न बघता पाय बरोबर पडेपर्यंत सराव करा. मग चौथा जोडा. स्टेजवर खाली वाकून स्विच शोधायची वेळ यायला नको!