तळ्यात बसून आयटीचा जॉब शोधताय? आधी सर्चचं गणित समजून घ्या

मोबाईलवर जॉब ॲप उघडून लोकेशनमध्ये ‘तळा’ टाकलं, तर हाती फारसं काही लागत नाही. ‘रायगड’ टाकलं तरी आयटीच्या जाहिराती कमीच दिसतात. मग आपल्याकडे मागणीच नाही का? आहे, पण ती वेगळ्या नावांखाली लपलेली असते.

शहराचं नाव बदला

पनवेल तालुका रायगड जिल्ह्यातच येतो, पण तिथले जॉब ॲपवर अनेकदा ‘नवी मुंबई’खाली असतात. म्हणून पनवेल, ऐरोली, महापे आणि पुण्यासाठी हिंजवडी असे वेगवेगळे अलर्ट लावा. सॉफ्टवेअर कंपन्या मुख्यतः याच पट्ट्यात आहेत.

पदाचं नाव बदला

टेक्नॉलॉजीचं काम म्हणजे फक्त कोडिंग नाही. रोह्याजवळची धाटाव एमआयडीसी, महाड एमआयडीसी, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा स्टील प्लांट, उरणचं बंदर इथे यंत्रं संगणकावर चालतात. तिथल्या जाहिरातीत ‘आयटी’ शब्द नसतोच. ‘पीएलसी’, ‘इन्स्ट्रुमेंटेशन’, ‘सॅप’, ‘नेटवर्क सपोर्ट’ असे शब्द टाकून बघा. पनवेल आणि नवी मुंबईतल्या डेटा सेंटरना सर्व्हर सांभाळणारे लागतात, तसेच वीज आणि कूलिंग बघणारेही. म्हणजे आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांनाही इथे वाव आहे. मात्र काम चोवीस तास चालतं, त्यामुळे शिफ्टची तयारी हवी.

ट्रेंड स्वतः मोजा

‘अमुक कोर्सला जाम डिमांड आहे’ असं क्लासवाला सांगतो. त्याच्यावर विसंबून घरच्यांचे पैसे भरू नका. आधी हे करा:

१. हव्या त्या पदाच्या, गेल्या महिनाभरातल्या २० जाहिराती उघडा.
२. प्रत्येकीत मागितलेली स्किल्स आणि अनुभव वहीत लिहा.
३. एकच जागा दोन-तीन एजन्सी टाकतात. मजकूर सारखा असेल तर ती एकदाच मोजा.
४. ‘फ्रेशर’ लिहून खाली २ वर्षांचा अनुभव मागितला असेल, तर ती फ्रेशरची जागा धरू नका.

१० पेक्षा जास्त जाहिरातींत आलेलं स्किल आधी शिका. एखाद-दुसऱ्या ठिकाणीच दिसलेलं नंतर बघू.

अनुभव नसेल तर?

अप्रेंटिसशिप हा चांगला रस्ता आहे. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारचं ‘नॅट्स’ पोर्टल आहे, तिथे स्टायपेंडही मिळतो. केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ आणि राज्याचं ‘महास्वयम’ यांवर नोंदणी मोफत होते. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकत असाल, तर प्लेसमेंट सेलच्या संपर्कात राहा.

पैसे मागितले की थांबा

रजिस्ट्रेशन, लॅपटॉप डिपॉझिट, ट्रेनिंग फी अशा नावाखाली ऑफर लेटरआधी पैसे मागितले, तर ती फसवणूकच समजा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम वाचण्याची शक्यता जास्त.