पाटावरच्या शेवया



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गडकोटांचा इतिहास मी काय लिहिणार? त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरातला लिहा. म्हणून ही शेवयांची हकीकत.

माझे माहेर कराडकडचे व सासर तासगाव तालुक्यातले. १९४९ पर्यंत हा सारा एकच सातारा जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्यालाच सांगली जिल्हा म्हणू लागले. कागदावर जिल्हे दोन झाले, पण शेवयांचा पाट इकडे-तिकडे सारखाच राहिला.

हा पदार्थ फार जुना. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘सेविका’ आहे. पिठाच्या जवासारख्या बारीक वळ्या करून वाळवाव्या, दुधात शिजवाव्या व तूप-साखर घालून खाव्या, असे त्यात सांगितले आहे. मला तर हे आपले रुखवतातले गव्हलेच वाटतात! रमजान ईदेला मिरजेत घरोघर शिरखुर्मा होतो, त्यातही शेवयाच. एकादा पदार्थ अमक्याचाच असे म्हणणे त्यामुळे अवघड आहे.

आपल्या कृष्णाकाठी शेवयांना खपली गहू लागतो. माझी मुलगी शेतकी कॉलेजात शिकते. तिने सांगितले की, गव्हावरच्या तांबेऱ्याची जात ओळखण्यासाठी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९२२ साली जे १२ गहू ठरवले, त्यांत ‘खपली’ या नावाचाच एक गहू होता. पुढे १९६७ च्या सुमारास कल्याणसोनासारखे बुटके, भरघोस उताऱ्याचे गहू आले, पाण्याखालच्या रानात ऊस वाढला आणि खपली मागे पडली.

आता पाटाविषयी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गहू आदल्या रात्री ओलवून फडक्यात बांधायचा, मग दळून वस्त्रगाळ करायचा. पीठ मळून, तेलाचा हात लावून, तार सुटेपर्यंत कुटायचे. बारीक खाचांचा लांब पाट उतरता ठेवायचा आणि त्याच्या वरच्या टोकावर एकीने बसायचे. तिने तळहाताने पीठ पाटावर वळत खाली सोडायचे, दुसरीने खालून तार झेलून ओढायची, तिसरीने ती काठीवर वाळत घालायची. चार-पाच घरच्या बायका पैऱ्याने एकमेकींकडे जात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात असे दिवसच्या दिवस चाले. दुपारी पाटावरची बाई उठे तेव्हा तिचा खांदा धरलेला असे.

आत्याबाई लग्न होऊन आल्या आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. घरात गहू नाही. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मायलोच्या भाकरी खाऊन त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पाट भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या उन्हाळ्यात शेवया झाल्या नाहीत, ही गोष्ट त्या अजून सांगतात. खडीचे मात्र विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

पुढे हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र आले, मग विजेचे. १९८३ च्या सुमारास मॅगीच्या पुड्या आपल्या देशात मिळू लागल्या. झटपट शिजणारे असे नूडल्स जपानात मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली काढले होते. आधी वाफवायचे, मग तेलात तळून त्यांतले पाणी काढायचे, ही त्यातली युक्ती. म्हणजे वेळ लागतोच, पण तो कारखान्यात लागतो.

५ जून २०१५ रोजी शिशाचे प्रमाण जास्त आढळल्याचे कारण देऊन सरकारने मॅगीची विक्री थांबवली. ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला व नोव्हेंबरात पुड्या परत दुकानात आल्या. पण त्या जूनमध्ये आमची दोन्ही मुले शाळेतून आली की रुसून बसत. एके दिवशी पाऊस लागलेला, मी घरी नव्हते. आत्याबाईंनी डबा उघडला. शेवया तेलावर तांबूस भाजून घेतल्या. मोहरी, हिंग, कढीलिंब, कांदा, शेंगदाणे यांची फोडणी केली, शेवयांच्या दीडपट उकळते पाणी घातले व झाकण ठेवले. मी आले तेव्हा मुले परात पुसून खात होती. मी म्हटले, “इतक्यात कसं केलंत?” तर म्हणाल्या, “ही बी दोन मिन्टांचीच हायत. बाकीचं काम वैशाखातच उरकलंय न्हवं.”

पाटावरच्या शेवयांचा तो शेवटचा डबा होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे मनगट चालेना, आणि मी पीठ यंत्रावर देऊन मोकळी झाले. मुले लहान होती, रानातली कामे होती, हे खरे. पण त्या दरवर्षी “बस की जरा माझ्यापाशी” म्हणत आणि मी बसले नाही. कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचे १९७० साली निघालेले ‘रुचिरा’ माझ्याकडे आहे, त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर मी पुष्कळ काही शिकले. परंतु पिठाला तार कधी सुटते, हे आत्याबाईंच्या बोटांनाच कळते.

यंदा मुलीने हट्ट धरला आहे. पाट माळ्यावरून काढून धुऊन ठेवला आहे. आत्याबाई खुर्चीत बसून सांगणार, आम्ही दोघी करणार. पहिल्या दिवशी सारे तुटेल असे त्यांनी आधीच बजावले आहे. मंडळातल्या ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी वैशाखात, ऊन चढायच्या आत यावे व येताना शेरभर खपलीचे पीठ आणावे.